पाकिटातले अठ्ठावन्न दिरहम

यहया धामस्कर खुर्चीवर टेकलाच नाही. उभ्यानेच त्याने फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, आज चार वाजेपर्यंत काय ते सांगा. चारला मी पोलिसांत जाणार आहे."

रुकय्या परकारने फाईलला हात लावला नाही. आधी चष्मा पुसला. बँकेच्या ताळमेळ खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेली ही बाई, समोरचा घाईत असला की हमखास चष्मा पुसायला घ्यायची. निवृत्तीनंतर दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये नवव्या मजल्यावर तिने एक खोली घेतली होती. बाहेर 'हिशेब तपासणी व सल्ला' अशी साधी पाटी होती, पण लोक तिच्याकडे यायचे ते चोर शोधायला.

खोलीत आणखी एक गृहस्थ होते, चारुदत्त सामंत. कोल्हापूरला विमा कंपनीतून निवृत्त झाले, तीन वर्षांपूर्वी मुलाकडे दुबईला आले, आणि दिवसभर घरात बसून करायचं काय म्हणून रुकय्याची गाडी चालवू लागले. गाडी उत्तम चालवायचे. डोकं मात्र सिग्नल हिरवा झाल्यावरही थोडं थांबून निघायचं.

"पोलिसांत कुणाविरुद्ध?" रुकय्याने विचारलं.

यहयाने खाली पाहिलं. "भिकाजीकाकांविरुद्ध."

मग तो बसला, आणि सगळं बाहेर आलं.

यहयाच्या वडिलांचा, अन्वर शेठचा, शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये लोखंडी कामाचा कारखाना. रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसं तिथे कामाला, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. त्यांनी अडीनडीसाठी मंडळ काढलं होतं. महिन्याला पंचवीस-पन्नास दिरहम टाकता टाकता एक लाख जमले, तेव्हा ते पैसे कुठेतरी ठेवायची वेळ आली. कामगारांच्या नावावर असलं खातं कोण उघडणार? शेठ म्हणाले, नाव माझं घाला, पैसा तुमचा. आणि जानेवारी २०१० मध्ये ते एक लाख दिरहम एका म्युनिसिपल बाँड फंडात गेले.

"म्युनिसिपल म्हणजे नगरपालिका?" सामंतांनी मध्येच विचारलं.

यहयाने समजावलं. अमेरिकेतली शहरं पाण्याच्या टाक्या, गटारं, शाळा बांधायला लोकांकडून कर्ज घेतात. त्याचे रोखे निघतात. असे शेकडो रोखे एकत्र घेणारा हा फंड. फार देत नाही, पण सहसा बुडवतही नाही. दर महिन्याला थोडं व्याज येतं.

आता मंडळाची बरीचशी माणसं गावी परतली होती. सुरुवातीपासूनचा एकटा भिकाजी मांजरेकर उरला होता, आणि त्याचाही उद्या पहाटे परतीचा प्रवास होता. एकतीस वर्षांनी. व्हिसा रद्द झाला होता, तिकीट हातात होतं. तो जाण्याआधी फंड मोडून सगळ्यांचा वाटा द्यावा असं ठरलं, आणि तिथेच घोळ झाला.

यहयाने फाईलमधून एक रंगीत कागद काढला. सोळा वर्षांत एक लाखाचे किती होतात याचा आलेख होता. रेघ हळूहळू चढत शेवटी एक लाख त्र्याहत्तर हजारांवर टेकली होती. दुसरा कागद फंडाच्या खऱ्या हिशेबाचा. त्यावर शिल्लक होती एक लाख दोन हजार.

"एकाहत्तर हजार दिरहम कमी," यहया म्हणाला. "सतरा लाख रुपये झाले. बावीस कामगारांचे."

आणि मग त्याने तपकिरी पुठ्ठ्याचं जुनं रजिस्टर पुढे केलं. दर महिन्याला फंडाचं व्याज कंपनीच्या खात्यात यायचं. रजिस्टरप्रमाणे ती रक्कम काढून भिकाजीच्या हाती दिली होती, 'पुन्हा फंडात भरण्यासाठी, कार्यालयात रोख दिले'. समोर दर वेळी भिकाजीची मराठी सही. बाजूला अन्वर शेठची आद्याक्षरं, आणि ते गेल्यावर मॅनेजर नीलेशची सही. भिकाजीने ते पैसे फंडात भरलेच नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ.

"हे सापडलं कुठे?"

"नीलेशला. बाबांच्या कपाटात, गेल्या महिन्यात."

"आणि भिकाजी काय म्हणतो?"

"एवढंच म्हणतात की मी खाल्ले नाहीत. मग गेले कुठे, तर म्हणे सांगणार नाही. मॅडम, मी लहान असताना रविवारी सकाळी बाबा मला ऊद मेथाच्या शाळेत सोडून तसेच कारखान्यात जायचे, तर गाडीत पुढे हे काका बसलेले. माझ्या डब्यातलं निम्मं त्यांनी खाल्लंय. त्या माणसाला मी आत टाकायचं का? आणि नाही टाकलं, तर बावीस जणांना काय सांगू?"

रुकय्याने पहिल्यांदाच फाईल जवळ ओढली. आलेखाचा कागद उलटसुलट केला. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात '१ / २' असं छापलं होतं. मागची बाजू कोरी होती. तिने तो कागद परत ठेवला आणि एक वेगळाच प्रश्न विचारला. अन्वर शेठ पैशाच्या बाबतीत कसे होते?

"फार कडक," यहया म्हणाला. "बँकेचं व्याजसुद्धा त्यांनी कधी घरात येऊ दिलं नाही. बिनव्याजी खातं होतं त्यांचं."

"बरं," रुकय्या म्हणाली. "चारला कारखान्यात भेटू. तोपर्यंत पोलिसांत जाऊ नका."

गाडी एमिरेट्स रोडला लागली तेव्हा साडेदहा झाले होते. सामंत गाडी चालवत होते आणि रुकय्या मांडीवर रजिस्टर ठेवून एकेक तारीख वाचत होती. दर महिन्याला एकच नोंद, महिन्याच्या शेवटी.

"तीस जून सतरा. एकोणतीस डिसेंबर सतरा. अठ्ठावीस सप्टेंबर अठरा. एकोणतीस मार्च एकोणीस." ती थांबली. "सामंत, पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी घ्या आणि या तारखांचे वार बघा."

सामंतांनी पंपावर फोनमधलं कॅलेंडर उघडलं. त्यांना असली कामं आवडत. पाच मिनिटांनी ते समाधानाने म्हणाले की रजिस्टर एकदम चोख आहे. महिन्याची अखेर शनिवारी किंवा रविवारी आली की नोंद आदल्या शुक्रवारची. सोळा वर्षांत एकही नोंद सुट्टीच्या दिवशी नाही. बनावट करणारा माणूस कुठेतरी रविवार घालून फसतोच, त्यांच्या विमा कंपनीत असे तिघे पकडले होते.

"कागदही जुना आहे," त्यांनी पान नाकाशी नेलं. "वास बघा. हे काल-परवा केलेलं नाही. मला वाटतं, रुकय्याबाई, म्हाताऱ्याने खाल्ले."

रुकय्याने रजिस्टर परत घेतलं. सामंतांना वाटलं, पटलं असावं.

वाटेतच तिने संजनाला फोन लावला. संजना म्हणजे ज्या कंपनीमार्फत फंड घेतला तिथली सल्लागार. दोन हजार आठपासून दुबईत, आणि बोलणं असं की दर वाक्यात चार इंग्रजी शब्द. फंडात गडबड काहीच नाही, क्लायंटने पहिल्या दिवशीच 'पे-आउट इन कॅश', म्हणजे व्याज दरमहा हातात, असं निवडलं होतं, असं तिने सांगितलं. आपल्याला तेव्हाच ते विचित्र वाटलं होतं, कारण लाँग टर्मला कुणी असं करत नाही. पण अन्वर सर ऐकायलाच तयार नव्हते.

"आलेख तुम्ही दिलात?"

"हो, नीलेशने मागितला. मी दोन्ही पानं पाठवत होते, तो म्हणाला फक्त पहिलं पाठवा, लेबरला नोट्स कुठे समजतात."

"दुसऱ्या पानावर काय आहे?"

संजना हसली. नेहमीचंच, बारीक अक्षरातलं, जे कुणीच वाचत नाही. ती पाठवते म्हणाली, आणि मिनिटभरात रुकय्याच्या फोनवर ते पान आलं. रुकय्याने ते वाचलं, पण सामंतांना दाखवलं नाही. सामंतांना त्याचा राग आला.

भिकाजीची खोली कारखान्यामागच्या कॅम्पात होती. सहा खाटा, त्यातली एक उघडी, गादी गुंडाळलेली. खाली दोरीने बांधलेली बॅग. त्रेसष्ट वर्षांचा काटक माणूस, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. बोलावलं नसताना उभा राहिला आणि सांगेपर्यंत बसला नाही.

चोर म्हटलं की माणूस एक तर भांडतो नाहीतर रडतो. याने दोन्ही केलं नाही. चहा मागवला. आणि विचाराल ते सांगेन, फक्त एक सांगणार नाही, असं आधीच बजावलं.

रुकय्याने रजिस्टर दाखवलं. भिकाजीने सह्या पाहिल्या. सही आपल्यासारखी आहे, पण आपली नाही, आणि असलं रजिस्टर कधी नव्हतंच, असं तो म्हणाला. शेठ या पैशाची नोंदच ठेवू देत नसत.

"मग पैसे तुमच्या हातात यायचे, हे खरं?"

"यायचे. शेठ असेपर्यंत. ते वारले आणि दोन महिन्यांनी नीलेश म्हणाला, काका, फंडाने व्याज बंद केलं. मी म्हटलं, बरं."

"आणि तुम्ही ते काय करायचात?"

भिकाजीने मान हलवली. "तेवढं नको विचारू, बाय. शेठना शब्द दिलाय."

"उद्या विमानात बसायला मिळणार नाही तुम्हाला. नर्मदाबाई वाट बघतायत ना?"

नर्मदा म्हणजे त्याची बायको. तिचं नाव निघालं तसा त्याचा चेहरा बदलला. काल तिचा फोन आला होता. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं आणि ते गावात पोचलं होतं. तिने काही विचारलं नाही, म्हणाला. फक्त म्हणाली, जेवलात का. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

भिंतीवर मंडळाचा फोटो होता. कॅम्पाच्या आवारात मोठ्या पातेल्याभोवती बसलेली माणसं. भिकाजीने विषय बदलायला म्हणून तो दाखवला. मंडळाची बैठक दर शुक्रवारी सकाळी व्हायची, कारण तेवढ्या दिवशी सगळे सापडायचे. मटण शिजायचं. फोटोखाली पाच नावं लिहिली होती, इथेच वारलेल्या पाच सोबत्यांची. पहिलं नाव हमदुल्लाचं होतं. त्याचं प्रेत पैशाअभावी एकोणीस दिवस शवागारात पडून होतं, त्यावरूनच मंडळ निघालं.

रुकय्या फोटोशी बराच वेळ उभी राहिली. मग तिचं लक्ष खाटेशेजारच्या फळीवर गेलं. तिथे तपकिरी रंगाच्या छोट्या पाकिटांचा गठ्ठा होता. पगाराची असतात तशी कोरी पाकिटं, वीस-पंचवीस उरलेली.

गाडीत बसल्यावर सामंत म्हणाले, पगाराची पाकिटं जपून ठेवलीयत बिचाऱ्याने.

"पगार इथे कितीतरी वर्षं बँकेत होतो, सामंत."

"मग?"

"मग पाकिटं कशाला लागत होती?" असं म्हणून ती खाली उतरली आणि पुन्हा कॅम्पात गेली. भिकाजीच्या खोलीतल्या एका पोराकडून तिने हमदुल्लाच्या बायकोचा गावचा नंबर घेतला. तिचं नाव हव्वाबी. रुकय्या कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत उभी राहून तिच्याशी वीस मिनिटं बोलली. सामंतांना लांबून फक्त एवढं दिसलं की शेवटी शेवटी रुकय्याने चष्मा काढला, आणि या वेळी पुसला नाही.

नीलेश आपल्या केबिनमध्ये भेटला. पस्तिशीचा, बोलका, फळांचा रस मागवणारा. सामंतांची आणि त्याची लगेच गट्टी जमली. कधी आलात, तेवीसला, अरे मीपण तेवीसला, जूनमध्ये, असं झालं. आपण आलो तेव्हा शेठ आजारीच होते, जेमतेम पाच महिने त्यांच्या हाताखाली मिळाले, असं त्याने हळहळून सांगितलं. भिकाजीकाकांबद्दल त्याला वाईट वाटत होतं. पण रजिस्टर सापडल्यावर गप्प कसं बसायचं? नोकरी आहे.

रुकय्याने एकच विचारलं. व्याज अजून येतं का?

"येतं ना. दर महिन्याला दोनशे नव्वदच्या आसपास. मी काकांनाच देत होतो. सह्या आहेत."

त्याच्या टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा उंच व्हावा म्हणून खाली दोन रजिस्टरं ठेवली होती. तपकिरी पुठ्ठ्याची, जुनी, कोरी. सामंतांनी रसाचा ग्लास त्यांच्याच शेजारी ठेवला होता.

चारला दहा मिनिटं होती. अन्वर शेठच्या ऑफिसात सगळे जमले. यहया वडिलांच्या खुर्चीवर बसला नव्हता, बाजूच्या स्टुलावर होता. त्याच्यासमोर टाईप केलेली तक्रार होती, सही बाकी होती. भिकाजी दारापाशी उभा. नीलेश खिडकीपाशी. संजनाही आली होती, पर्स मांडीवर घेऊन.

"आधी एकाहत्तर हजारांचं बघू," रुकय्या म्हणाली. "ते कुणीच चोरले नाहीत, कारण ते कधी नव्हतेच."

यहयाने मान वर केली.

तिने आलेख टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यातल्या '१ / २' वर बोट ठेवलं. पान दोन तिच्या फोनवर होतं. तिने ते मराठीत सांगितलं. फंडाची जुनी वर्षं सांगताना कंपनी असं धरून चालते, की महिन्याचं व्याज घेणाऱ्याने उचललंच नाही. ते पुन्हा फंडातच घातलं, त्याला व्याज लागलं, त्या व्याजालाही व्याज लागलं. सोळा वर्षं असं केलं तर एक लाखाचे एक लाख त्र्याहत्तर हजार होतात. पण ज्याने व्याज महिन्याच्या महिन्याला उचललं, त्याचं मुद्दल जागच्या जागी राहतं. इथे तेच झालंय.

"पण बाबांनी ते उचललं का?" यहयाने विचारलं.

"ते तुम्हीच मला सकाळी सांगितलंत. व्याज घरात येऊ न देणारा माणूस. बावीस जणांच्या भल्यासाठी त्यांनी नाव दिलं, पण ते व्याज आपल्या नावावर साठावं आणि त्यावर आणखी व्याज चढावं, हे त्यांना चाललं नसतं. माझे वडीलही असेच होते. असा पैसा आपल्यात वापरत नाहीत, ज्याला गरज आहे त्याला देऊन मोकळे होतात. आणि दिल्याचं लिहूनही ठेवत नाहीत."

"पण लिहिलंय," नीलेश शांतपणे म्हणाला. "रजिस्टर आहे."

"हो. त्याकडेच येतेय." रुकय्याने ते उघडून त्याच्या हातात दिलं. "एकोणतीस डिसेंबर सतराची नोंद काढा. 'कार्यालयात रोख दिले.' त्या दिवशी हे ऑफिस उघडं होतं?"

नीलेशने फोनवर वार पाहिला. "शुक्रवार. उघडंच असणार. शुक्रवारी अर्धा दिवस असतो."

यहया हळूहळू स्टुलावरून उठला. संजना नीलेशकडे पाहायला लागली. भिकाजीने पहिल्यांदाच नजर वर केली. सामंतांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. खोलीत दोघांनाच कळलं नव्हतं, आणि ते दोघंही तेवीस साली आलेले होते.

"शुक्रवारी इथे कुलूप असायचं," यहया म्हणाला. "दोन हजार एकवीस संपेपर्यंत. शनिवारी, रविवारी काम. बावीसच्या जानेवारीत देशाची सुट्टी बदलून शनिवार-रविवार झाली, तेव्हा आमची दुबईची गिऱ्हाइकं सांभाळायला आम्हीही बदलली."

"म्हणून रविवारी तुमची शाळा असायची," रुकय्या म्हणाली. "आणि शुक्रवारी मंडळाची बैठक. या रजिस्टरात बावीसच्या आधीच्या बारा वर्षांत साठेक शुक्रवार आहेत, रविवार एकही नाही. अन्वर शेठनी असं लिहिलं असतं का? भिकाजींनी अशा वारी सही केली असती का? हे लिहिणाऱ्याने फंडाच्या हिशेबातून महिना आणि रक्कम घेतली, आणि शनिवार-रविवार चुकवून महिन्याचा शेवटचा दिवस टाकला. अगदी काळजीपूर्वक. सामंतांना ते चोख वाटलं, कारण तेही त्या माणसाइतकेच नवीन आहेत."

सामंतांना हे लागलं, पण खोटं नव्हतं.

"वही जुनी आहे," नीलेशचा आवाज आता वर गेला. "कागद बघा तिचा."

"तशाच दोन तुमच्या कॉम्प्युटरखाली आहेत. तिसरी ही." रुकय्याने रजिस्टर त्याच्या हातातून काढून घेतलं. "शेठ गेले, तुम्ही भिकाजींना सांगितलंत व्याज बंद झालं. ते मात्र येत राहिलं. दोन वर्षं, साधारण सात हजार दिरहम. पावणेदोन लाख रुपये. फंड मोडायचं ठरलं तेव्हा हिशेबाचा कागद सगळ्यांसमोर येणार होता आणि भिकाजी विचारणार होते, बंद झालेलं व्याज इथे कसं दिसतं? म्हणून तुम्ही सात हजार झाकायला त्यांच्या माथी एकाहत्तर हजार मारलेत. आलेखाचं दुसरं पान नको म्हणालात, ते त्यासाठीच."

नीलेश खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला की मुलीच्या फीचं अडलं होतं, परत करणारच होतो. हे तो भिकाजीकडे न पाहता म्हणाला. यहयाने त्याला चाव्या टेबलावर ठेवायला सांगितल्या, आणि समोरची तक्रार घेऊन भिकाजीचं नाव खोडलं.

"काका," तो वळला. "सगळं कळलं. मग पैसे कुठे गेले, ते का नाही सांगितलंत? मी तुम्हाला आत टाकणार होतो."

"नको," भिकाजी रुकय्याला म्हणाला. "बाय, तुला कळलं असलं तर नको सांगूस. तिला समजलं तर ती जीव देईल."

"पाकिटं," रुकय्या म्हणाली. "पाच पाकिटं, दर महिन्याला. भिंतीवरच्या पाच नावांच्या घरी. कुणी गावी रजेवर निघालं की त्याच्याबरोबर. बरोबर?"

भिकाजी न सांगता खाली बसला. मग बोलला. शेठ म्हणाले होते, हा पैसा पाच घरांत जाऊ दे, पण व्याजाचा आहे हे सांगू नको. दोन घरं मुसलमानांची. हमदुल्लाची हव्वाबी तर असली हट्टी, की उपाशी राहील पण घेणार नाही. म्हणून भिकाजीने सांगितलं, मंडळाची वर्गणी आहे. त्या पैशावर तिने तीन पोरं वाढवली. चौदा वर्षं घेतल्यावर आता तिला सांगायचं, की तू पोरांना व्याज चारलंस? त्यापेक्षा मला चोर म्हणू दे, असा त्याने विचार केला होता.

"मी तिला काही सांगितलं नाही," रुकय्या म्हणाली. "तिनेच मला सांगितलं."

तिने फोन टेबलावर ठेवला. आधी हव्वाबीने पाठवलेला फोटो दाखवला. पत्र्याच्या डब्यात नीट रचून ठेवलेली तपकिरी पाकिटं, प्रत्येकावर भिकाजीचं अक्षर. एकावर 'गुरुवार २९ जून २०१७, दिरहम ५८'. दुसऱ्यावर 'रविवार ३१ डिसेंबर २०१७, दिरहम ६१'. खाली रुपये. शेवटचं पाकीट ऑक्टोबर २०२३ चं. मग तिने नंबर लावला.

"हव्वाबी, इथे भिकाजी आहेत. मघाशी मला बोललात ते त्यांना सांगा."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज आला, मग एका बाईचा.

"भिकाभाऊ? अरे, वर्गणी कधी अठ्ठावन्न दिरहम असते काय? एका महिन्याला अठ्ठावन्न, दुसऱ्याला एकसष्ट, मग सत्तावन्न. वर्गणी म्हणजे पन्नास असते, नाहीतर शंभर. मला पहिल्याच वर्षी कळलं हे व्याज आहे. मौलवीसाहेबांना विचारून आले. ते म्हणाले, बेवा आहेस, लेकरं आहेत, घे. म्हणून घेतलं. तुला वाटत होतं मला माहीत नाही, म्हणून मीपण बोलले नाही. तुझं मन कशाला मोडायचं?"

भिकाजी उठून टेबलापाशी आला.

"दोन वर्षं झाली पाकीट नाही," हव्वाबी म्हणाली. "पैशाचं सोड, धाकटा कमावतो आता. पण मला वाटलं, भाऊ गेला. कुणाला विचारायला जीव धजेना. विचारलं आणि कुणी हो म्हटलं तर? म्हणून त्या डब्याला कुणाला हात लावू दिला नाही मी."

टेबलावरच्या तक्रारीचा कागद यहयाने केव्हाच चुरगळून मुठीत घेतला होता. भिकाजीने पुढे होऊन दोन्ही हातांनी फोन उचलला.

"आहे, हव्वाबी," तो म्हणाला. "आहे मी. उद्या येतोय. नर्मदाला सांग, जेवणाला थांब म्हणावं."